टाइप वन मधुमेह : ‘कारण शोधून काय मिळालं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘टाइप वन मधुमेहात प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, हे आम्ही किती वर्षं ऐकायचं? माझ्या मुलीची इन्सुलिनची एकही सुई कमी झाली नाही. उगाच आशा लावू नका,’ असं तुम्ही लिहिलंत. सुया कमी झाल्या नाहीत, हे खरं. पण म्हणून हे संशोधन वाया गेलं, हे मला मुळीच मान्य नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड सदरलँड या शल्यविशारदांनी एकसारख्या जुळ्या भावंडांवर केलेल्या शस्त्रक्रिया १९८४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. एकाला जुना मधुमेह, दुसरं निरोगी. निरोगी भावंडाच्या स्वादुपिंडाचा भाग आजारी भावंडाला बसवला. जुळ्याचा अवयव शरीराला परका नव्हे, म्हणून सुरुवातीला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली नाहीत. इन्सुलिनच्या सुया बंद झाल्या, आणि काही आठवड्यांत साखर पुन्हा चढली! तपासणीत दिसलं की बसवलेल्या भागातल्या बीटा पेशी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, तेवढ्या नेमक्या मारल्या गेल्या होत्या. बाकीचं स्वादुपिंड शाबूत. पुढे औषधं दिली तेव्हा हे टाळता आलं. इतक्या वर्षांनंतरही शरीर बीटा पेशींवरचा राग विसरलं नव्हतं. नुसत्या नव्या पेशी बसवून का भागत नाही, ते इथे कळलं.

हल्ला प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी करतात, तर त्यांनाच आवरा, या विचारातून टेप्लिझुमॅब हे औषध आलं. रक्तात या हल्ल्याची खूण असलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडलेल्या, साखर बिघडू लागलेल्या, पण अजून मधुमेह न झालेल्या ७६ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले : आजार साधारण दोन वर्षं पुढे गेला. २०२२ मध्ये अमेरिकेत आठ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी मंजुरी मिळाली. हा इलाज नव्हे. पण आठ वर्षांच्या पोराला आणखी दोन वर्षं रात्री साखर उतरण्याची भीती नसणं, याला मी किरकोळ म्हणणार नाही. किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे, हा तुमचा संताप रास्तच आहे. तो किंमत ठरवणाऱ्यांवर काढायला हवा.

‘लहानपणी गोड दिलंत म्हणून झालं,’ असं नातेवाइकांनी तुमच्या पत्नीला ऐकवलं, हे वाचून फार वाईट वाटलं. त्यांना ठणकावून सांगा : गोड खाल्ल्याने टाइप वन होत नाही. लक्षणांच्या कितीतरी आधी, बहुधा काही वर्षं, ही प्रतिपिंडं रक्तात असतात.

धाकट्याबद्दल विचारलंत. भावंडांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरी बहुतेकांना हा आजार होत नाही. प्रतिपिंडांची तपासणी करायची का, हे मुलीच्या डॉक्टरांनाच विचारा.