सुटं टोक

शनिवारची गोष्ट, पण राग अजून उतरला नाही म्हणून लिहितोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं ऑफिस, पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि हिशोबाची टॅली मात्र एकाच कॉम्प्युटरवर. ती सगळीकडून उघडावी म्हणून नेटवर्क करायचं ठरलं. माणूस बोलवू म्हटलं तर मालक म्हणाले, "तुला येतंय की." झालं. पोस्ट अकाउंटंटची, काम टेबलाखाली रांगायचं.

आता अप्पा. अप्पा पूर्वी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, आता आमच्या गोडाऊनच्या दाराशी बसतात, म्हणजे बसायला पाहिजे. त्या दिवशी खुर्ची उचलून थेट माझ्या डोक्याशी आले.

"काय करालाव?"

"वायरी जोडतोय अप्पा."

"किती धागे?"

"आठ."

"आठच?" असं म्हणून ते जे हसले ना, ते मला जन्मात विसरता येणार नाही. हजारो धाग्यांचा ताणा सांभाळलेला माणूस तो. मी केशरी पांढरा, केशरी, हिरवा पांढरा, निळा असं पुटपुटत वायरी सरळ करतोय, सोलापूरचा उन्हाळा, घामानं बोटं घसरतायत, तेवढ्यात वरून आवाज, "दोन हिरव्यांच्या मधी निळा कशाला घुसवला? जोडी मोडू नये."

आता हा प्रश्न मूर्खपणाचा नाही, हेच तर दुखणं. टेलिफोनच्या काळापासून वायरीच्या टोकाला बसणाऱ्या कनेक्टरच्या मधल्या दोन पिनांवर निळी जोडी बसलीय म्हणून बिचारी हिरवी तिच्या दोन्ही अंगाला. आणि अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही टोकांना हिरव्या शेजारी-शेजारी लावल्या तर टेस्टरवर आठही दिवे लागतात, पण आत वायरी जोडीजोडीनं पिळलेल्या असतात, तो पीळ भलत्याच जोड्यांचा राहतो आणि लांब वायरीवर स्पीड रडतो. हे सगळं मी त्यांना समजावलं, क्रिंपिंग टूल (कनेक्टर दाबून बसवायची पक्कड) हातात धरून, दहा मिनिटं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे डिझाइनच चुकलंय."

सहा कनेक्टर वाया गेले. (ह्याचा हिशोब पुढे येतोय.)

तरी चार वाजता सगळं चालू झालं. प्रिंटरला फिक्स आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा कायमचा पत्ता दिला, टॅली पाचही ठिकाणी उघडली, मी तोंड धुवायला गेलो. परत येतो तर सगळं बंद! स्विचचे (सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तो डबा) सगळे दिवे एकदम फडफडतायत, लग्नातल्या लायटिंगसारखे. अप्पा खूष, "मशीन पळालं बघा." मी राऊटर बंद-चालू केला, इंटरनेटवाल्याला फोन लावला, त्यानं पुन्हा राऊटरच बंद-चालू करायला सांगितला (हे सांगायचा पगार मिळतो ह्यांना), दोन वायरी कापून परत क्रिंप केल्या. दोन तास गेले. मालक दर वीस मिनिटांनी येऊन नुसतं "हं" म्हणून जायचे.

शेवटी अप्पा म्हणाले, "ते एक टोक खाली लोंबत होतं, ते मी भोकात घातलेलं. काढू का?"

स्विचला लावून ठेवलेली एक जादा वायर, तिचं दुसरं टोकही ह्यांनी त्याच स्विचमधे घातलेलं! म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांसाठीचा एक निरोप आत आला की स्विच तो सगळीकडे पाठवतं, तो ह्या वायरीतून फिरून परत आत, परत सगळीकडे, थांबणं नाहीच. मी ओरडलोच, "कशाला घातलं अप्पा?"

"सुटं टोक सोडलं की कापड उसवतंय," ते म्हणाले आणि वायर ओढली.

दिवे शांत. टॅली चालू. आणि नेमके तेव्हाच मालक दारात.

"बघ, दोन तास झटालास, अप्पांनी एका झटक्यात काढलं!"

मी बोलायला तोंड उघडलं, पण काय बोलणार, म्हातारा माणूस समोर हसतोय. मालकांनी त्यांना चहाला शंभर रुपये दिले. मला सोमवारी विचारलं, सहा कनेक्टर जास्तीचे कुठे गेले म्हणून. आणि अप्पा आता रोज सकाळी स्विचपाशी येऊन दिवे मोजतात, कुणी विचारलं तर सांगतात, "पोरानं जोडलंय, पण लक्ष ठेवावं लागतंय."