"जवळ करा" म्हणजे नेमकं काय करा?

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत त्रैक्यावरून किंवा पुनरुत्थानावरून भांडणं क्वचितच होतात. होतात ती टाळ्यांवरून, कुंकवावरून, मंगळसूत्रावरून, प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) प्याल्यात काय असावं यावरून. आणि प्रत्येक बाजूकडे वचन तयार असतं. म्हणून "जो विश्वासात दुबळा त्याला जवळ करा" असं सांगणारा, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय नुसता उपदेशात वाचून भागत नाही, तो पंचांच्या बैठकीत उघडावा लागतो.

त्यामागची परिस्थिती समजून घ्या. इ. स. ४९ च्या सुमारास सम्राट क्लौद्यानं यहूद्यांना रोममधून घालवलं. मागे राहिले ते बहुतेक यहूदीतर विश्वासणारे. इ. स. ५४ मध्ये क्लौद्य वारला, हळूहळू यहूदी विश्वासणारे परतले, तर मंडळीचं वळणच बदललेलं. कोणी सगळं खातो, कोणी फक्त भाजीपाला. कोणी ठरावीक दिवस पाळतो, कोणाला सगळे दिवस सारखे. पौलाचं स्वतःचं मत उघड आहे: कोणताही पदार्थ मुळात अशुद्ध नाही. तरी तो ते कोणावर लादत नाही. तो दोघांना वेगवेगळं सांगतो. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये. न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. किती अचूक निदान आहे हे! मोकळ्या विचारांच्या माणसाचा रोग तुच्छता, काटेकोर माणसाचा रोग न्यायनिवाडा. आपण बोलतो फक्त दुसऱ्या रोगावर, आणि मग जुन्या वळणाची माणसं गप्प होतात, हळूहळू यायची थांबतात.

दुबळ्याला, म्हणजे ज्याचं मन अजून अशा नियमांत अडकलं आहे त्याला, जवळ करा, पण वाद घालण्यासाठी नको, असंही पौल सुरुवातीलाच बजावतो. घरभेटीला जाऊन चहा संपायच्या आत बाप्तिस्म्याचा विषय काढणं हे जवळ करणं नव्हे.

बाप्तिस्म्यावरच आपल्याकडे मोठं काम झालेलं आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या चर्च-संस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात अँग्लिकन होते आणि बॅप्टिस्टही. अमेरिकन मराठी मिशनच्या आपल्या मंडळ्या त्या सहांपैकी एका, युनायटेड चर्चमार्फत आल्या. एकाच्या मते तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा, दुसऱ्याच्या मते कबुलीशिवाय देऊच नये. तोडगा असा: दोन्ही पद्धती मान्य. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याचं मोठेपणी दृढीकरण, म्हणजे त्यानं स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी. न झालेल्या बाळाचं समर्पण, म्हणजे प्रार्थनेनं देवाच्या हाती सोपवणं, आणि बाप्तिस्मा त्यानं स्वतः विश्वास कबूल केल्यावर. ज्या पाळकाची सद्सद्विवेकबुद्धी बालबाप्तिस्म्याला तयार नाही त्याच्यावर सक्ती नाही, तिथे दुसऱ्या पाळकाची सोय. यात कोणाचंही मत बदललेलं नाही. फक्त प्रभुभोजनाच्या मेजापाशी येण्यासाठी त्या मताची अट उरली नाही. ही बोलणी १९२९ साली सुरू झाली होती. एका वार्षिक सभेत निकाल लावण्याची घाई करणाऱ्यांनी हा काळ ध्यानात ठेवावा.

प्याल्याचंही असंच. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला एक घोटही धोक्याचा, आणि आंबलेल्या द्राक्षारसाशिवाय काहींना विधी अपुरा वाटतो. दोन रांगा करू नका. कोण कुठल्या रांगेत उभं राहिलं ते दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मेज एकच, भाकर एकच. मोठ्या प्याल्याशेजारी न आंबलेल्या रसाच्या लहान प्याल्यांचा ट्रे ठेवा आणि पाळकांनी सुरुवातीलाच सांगावं की दोन्हींचा मान सारखा. रस घरी काढत असाल तर शनिवारी संध्याकाळी काढून फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात बाहेर राहिला तर तो एक-दोन दिवसांत आंबू लागतो, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं त्याच्याच हातात नको ते पडतं.

कुंकू-मंगळसूत्राबाबत आधी विचारा, "ताई, तुमच्यासाठी याचा अर्थ काय?" एकीसाठी काळे मणी ही नवऱ्याची खूण असते, दुसरीसाठी मागे सोडलेल्या पूजेची आठवण. दोघींना एकच नियम लावला की एक तरी दुखावतेच. व्यासपीठावरून किंवा मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढूच नये. बोलायचंच तर एका जाणत्या बहिणीनं, एकटीशी. आणि "तिच्यासाठी प्रार्थना करा" म्हणत तिचं नाव चार घरी पोचवू नये.

गाण्यांवर मी फार लिहीत नाही. नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या चालीवर ख्रिस्तगीतं दिली, आज ती आपली जुनी गाणी वाटतात. नव्या पोरांच्या गिटारकडे बघताना एवढं आठवावं.

पण हाच पौल अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र याला सगळ्यांदेखत तोंडावर बोलला. ज्यानं आपला सहकारी तीमथ्य याची सुंता करवली, त्यानंच दुसरा सहकारी तीत याच्या बाबतीत साफ नकार दिला. पेत्रानं काय खाल्लं हा प्रश्नच नव्हता. तो यहूदीतर भावांच्या पंगतीतून उठून वेगळा बसला होता. आपल्या मंडळीत जेवणाला किंवा सोयरिकीला पूर्वाश्रमीची जात आडवी येत असेल, तर तो वैयक्तिक आवडीनिवडीचा फरक नाही. तिथे कोणी "सगळ्यांना सांभाळून घ्या" म्हणत रोमकरांचा १४ वा अध्याय पुढे केला, तर पंचांनी तो मिटावा आणि पेत्राचा हा प्रसंग सांगणारा गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडावा.