'ब्लू मंडे' बटण दाबून झालेलं नाही

बास गिटार शिकणाऱ्या भाच्याने काल एक फिरता मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग मी शिकून काय करू?" मेसेज असा: न्यू ऑर्डर या इंग्लिश बँडचं १९८३ सालचं 'ब्लू मंडे' हे गाणं सगळं यंत्राने वाजवलं, बँडने नुसतं बटण दाबलं, टीव्हीवर ओठ हलवले आणि डिस्कोपायी रॉक सोडलं.

बटणाचं आधी घेतो, कारण सगळ्यात मोठी थाप तीच. सिंथची (सिंथेसायझर, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) सुरावट बँडमधल्या जिलियन गिल्बर्टने सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे भरलेले स्वर ओळीने वाजवणाऱ्या यंत्रात, एकेक स्वर करून हाताने भरली. २०१३ साली 'गार्डियन'मध्ये तिने स्वतः सांगितलंय: ए-फोर कागद चिकटवून स्टुडिओभर लांब पट्टी केली, त्यावर सगळा क्रम लिहिला, आणि भरताना एक स्वर राहून गेला. असे स्वर ओळीने भरताना मधला एक गळला की पुढचे सगळे अलीकडे सरकतात. १३०च्या लयीत (मिनिटाला १३० ठोके) एका ठोक्याचा चौथा भाग म्हणजे जेमतेम ०.१२ सेकंद, पण कानाला कळतो. ती सुरावट ठेक्याला किंचित तिरकी पडते ती यामुळे. डीएमएक्स ड्रम मशीनचंही तेच. ठेका बसला आणि ड्रमर स्टीफन मॉरिसच्या पायाने वायर निघाली. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्यांना एन्कोर, म्हणजे कार्यक्रम संपल्यावर पुन्हा येऊन वाजवणं, आवडत नसे, म्हणून यंत्रावर सोडून निघता येईल असं काहीतरी हवं, हा मूळ विचार होता. पण रेकॉर्डवर बर्नार्ड सम्नर गातोय आणि पीटर हूकचा बास आहे.

ओठ हलवले? बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात ते हट्टाने लाइव्ह वाजले आणि आवाज फसला. रेकॉर्ड लावली असती तर फसायला काय होतं?

रॉक सोडलं म्हणणाऱ्यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यातला त्यांचा 'पॉवर, करप्शन अँड लाइज' हा अल्बम लावावा. पहिलंच गाणं बासने सुरू होतं.

आता भाच्यासाठी. 'ब्लू मंडे'त खालचे स्वर सिंथ बासने अडवलेत. तिथेच बास गिटार घातली तर दोन्हींचा चिखल होतो. म्हणून हूक वरच्या पट्टीत चाल वाजवतो. मेट्रोनोम १३० वर लाव, जाड तारा सोड, बाराव्या फ्रेटच्या आसपास बारीक तारेवर त्याची चाल शोध.