बसलेला बैल आणि ओली भिंत

बालवाडीच्या वर्गाची भिंत मे महिन्यात जशी दिसते तशी ती असते, असं नव्या टीचरनं समजू नये. मेच्या शेवटच्या आठवड्यात बेळगावची भिंत निव्वळ नाटक करत असते. कोरडी, गुळगुळीत, चिकटपट्टी लावली की पोटाशी धरणारी. मग जून निम्मा सरतो, पाऊस आडवा लागतो आणि तीच भिंत एका रात्रीत अंग झटकते. सकाळी कुलूप काढून बघावं तर आंबा, फणस, सूर्य, चंद्र आणि 'सुस्वागतम्' मधली सहाच्या सहा अक्षरं जमिनीवर. चिकटपट्टीबरोबर डिस्टेंपरही निघून आलेला असतो, म्हणून भिंतीवर पांढऱ्या चौकोनांची नक्षी. खानापूरकडच्या, म्हणजे घाटाजवळच्या जास्त पावसाच्या शाळेत असाल तर हा कार्यक्रम आठवडाभर आधीच उरकतो.

(अक्षरं सहा आहेत का पाच, यावर वाद घालू नका. जोडाक्षर फाटून पडलं की सहा.)

म्हणून माझा पहिला नियम असा, की भिंतीला काहीही चिकटवायचं नाही. समोरासमोरच्या भिंतींत तीन-तीन पक्के खिळे ठोकून घ्यावेत, नायलॉनची दोरी ताणावी आणि कपड्यांचे चिमटे आणावेत. सुतळी दिसायला छान, पण ती ओल धरते आणि मधे लोंबते. प्रत्येक चित्राला चिमटे दोन. एकच लावला तर पंखा सुरू झाला की चित्र गिरक्या घेतं आणि तीस मुलं त्याच्याबरोबर. १२ फुटी दोरीवर ए-फोर कागद आडवे लावले तर जेमतेम अकरा-बारा बसतात, म्हणजे ३० मुलांना दोऱ्या तीन लागतात. दोनातच भागवलंत तर ज्या सहा-सात जणांची चित्रं कपाटात राहतील, नेमक्या त्यांच्याच आया दुसऱ्या दिवशी सोडायला वर्गापर्यंत आत येतील.

क्रेपच्या पताकांचं नाव काढू नका. क्रेपचा रंग कच्चा असतो. ओल्या हवेत पताका आधी सुतकी होते, मग खालच्या भिंतीवर लाल-हिरवे ओघळ सोडते. जुन्या साड्यांच्या काठांच्या पताका करा. बेळगावातल्या वडगाव, खासबाग, शहापूर इथं विणकरांची वस्ती आहे, काठाचा तुकडा मागायला लाजू नये. कापडी पताका भिजते, वाळते आणि पुढच्या वर्षी धुऊन परत लागते.

आता उंची. वर्ग सजवून झाला की दारात उभं राहून कौतुकानं बघायचं नाही, मधोमध मांडी घालून बसायचं. चार-पाच वर्षांचं मूल असतं साधारण साडेतीन फूट, त्यातही दिवसातला निम्मा वेळ ते जाजमावर बसलेलं. आपण चित्र लावतो आपल्या डोळ्यांसमोर, पाच फुटांवर. मुलाला त्याची खालची कड आणि आपली हनुवटी दिसते. तक्ते तीन फुटांच्या आसपास हवेत. दप्तर अडकवायच्या खुंट्याही तेवढ्याच उंचीवर येतात, पण तिथं खिळा नको, कारण ती नेमकी मुलाच्या डोळ्याची उंची आहे. गोल डोक्याच्या लाकडी खुंट्या सुताराकडून करून घ्याव्यात. रेनकोट मात्र आत आणू द्यायचेच नाहीत. व्हरांड्यात दोरी, खाली दोन बादल्या. ३० रेनकोटांचं पाणी जाजमानं एकदा प्यायलं की पुढचे तीन दिवस वर्गाला ओल्या घोंगडीचा वास येतो.

खुंटीवर नाव लिहून उपयोग नाही, वाचता कुणाला येतंय? चित्र लावायचं. आणि इथं नवी टीचर हमखास फसते. ती वाघ, हत्ती, मोर, आंबा अशी सुंदर चित्रं कापते, तिसाव्या चित्राला येईपर्यंत कल्पना संपते आणि कुणाच्या तरी नशिबी वांगं येतं. वांगं मिळालेलं मूल घरी जाऊन काय सांगतं याची कल्पना करा. वाघावरून तर मारामारीच. उपाय सोपा आहे. सगळी एकाच जातीची चित्रं घ्या, सगळी फळं नाहीतर सगळी वाहनं, आणि चिठ्ठ्या टाका. नशिबाबद्दल तक्रार करायची अक्कल चार वर्षांच्या मुलाला अजून आलेली नसते.

वस्तूंवर पाट्या लावायच्या तर आमच्याकडे मराठी आणि कानडी अशा दोन भाषांत लागतात. त्यात भांडणाचं काही नाही, उलट गंमतच आहे. दार म्हणजे बागिलु, पाणी म्हणजे नीरु, इथवर मुलं मान डोलावतात. खिडकीला किटकी म्हटलं की हसायला लागतात, आणि कुर्ची दोन्हीकडे कुर्चीच म्हटल्यावर टीचर फसवायला लागली असं त्यांना वाटतं. व्याकरण सुधारायच्या भरीस पहिल्या महिन्यात पडू नका. "टीचर, हा माझी पेन्सिल घेतला!" "मी नाही घेतलो, ती दिली!" कानडीत क्रियापद कर्त्याच्या मागं चालतं, शेजारी राहून आमच्या मराठीलाही ती सवय लागली आहे. पुण्याच्या पाहुण्यांना हे चुकीचं वाटतं. पेन्सिल कुणी घेतली हे मात्र स्वच्छ कळतं, आणि त्या क्षणी तेवढंच हवं असतं.

चिकटवायला काय वापरायचं, हा वर्षभर पुरणारा प्रश्न आहे. फेव्हिकॉल महाग पडतो, शिवाय मुलांना त्याचा खरा उपयोग माहीत असतो: तळहातावर पसरायचा, वाळू द्यायचा आणि कातडी सोलल्यासारखा सोलायचा. बाटली हातात न देता बाटलीच्या बुचात हरभऱ्याएवढा थेंब आणि एक काडी द्यावी. जास्त लागला की कागद ओला होऊन पापडासारखा वळतो. आणि जुलैत तो दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही. ओली चित्रं एकावर एक रचून ठेवली की सकाळी ३० चित्रांची एकच वीट मिळते.

त्यापेक्षा खळ बरी. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्यायचा. गरम पाण्यात थेट टाकला तर गुठळ्या होतात आणि त्या चित्राखाली गळूसारख्या वर येतात. मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी झाली की उतरवायची. तुमच्या गल्लीतले एखादे जाणते काका सांगतील, "त्यात चिमूटभर मोरचूद टाका, कीड लागत नाही." खरं आहे, बुकबाइंडर टाकतात. पण मोरचूद विषारी आहे, आणि बालवाडीत खळीचा निम्मा साठा कागदाला लागतो, निम्मा पोटात जातो. काही घालू नका. दोन दिवसांपुरतीच करा, तिसऱ्या दिवशी ती स्वतःच वासानं राजीनामा देते. आणि खळीनं चिकटवलेला तक्ता शनिवारी वर्गात उघडा ठेवून जाऊ नका. झुरळं मागून खायला सुरुवात करतात. सोमवारी 'अ अननसाचा' मधला अननस गेलेला असतो.

खेळायच्या कणकेची कृती सगळे सांगतात: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ. यातली मेख कुणी सांगत नाही. मापात मीठ निम्मं असलं तरी वजनात ते मैद्याइतकंच भरतं, म्हणून पाव किलो मैद्याला पाव किलोच बारीक मीठ आणावं लागतं. त्यात दोन मोठे चमचे तेल आणि पाऊण ते एक कप पाणी. एवढ्यात मोठ्या लिंबाएवढे बारा गोळे होतात, म्हणजे ३० मुलांना हा घाणा अडीच वेळा. उन्हाळ्यात हे ठीक. पावसाळ्यात तुमच्या घरच्या मिठाच्या बरणीचं जे होतं तेच या कणकेचं होतं. मीठ हवेतली ओल ओढतं आणि गोळा हाताला सोडेनासा होतो. तेव्हा मोदकाच्या उकडीसारखी शिजवलेली कणीक करावी: तोच मैदा, तेच मीठ, तेच तेल, पाणी दुप्पट आणि दोन चमचे लिंबाचा रस. मंद आचेवर गोळा कढईची कड सोडेपर्यंत घोटायचं. हात दुखतात, पण घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ही आठवडाभर चालते. नखाजवळ कातडं निघालेलं मूल शोधून त्याला आधीच वेगळं काम द्या, नाहीतर मीठ झोंबलं की एक रडतं आणि बाकीची सोबत म्हणून रडतात.

रंगासाठी हळद उत्तम, फक्त एक गोष्ट पालकांना आधी सांगून ठेवा. हळदीचा डाग साबणाला लागला की लाल होतो. पांढऱ्या शर्टावरचा बारीकसा पिवळा डाग आई दगडावर घासायला घेते आणि बघता बघता तो कुंकवासारखा लाल. मग दुपारी फोन येतो, "टीचर, पोराला कुठं लागलंय काय?" डाग उन्हात उडतो म्हणावं. जुलैत ऊन कुठून आणायचं, हे त्यांनी विचारलं तर फोन ठेवून द्यावा.

भेंडीचे ठसे पटकन सांगते. जून, जाड भेंडी आडवी कापायची, म्हणजे छान पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. पण कापल्या कापल्या रंगात बुडवली तर बुळबुळीत चिकाने सगळं फूल पसरतं. तासभर आधी कापून कापडावर पालथी ठेवा. रंग ताटलीत ओतायचा नाही, ताटलीत स्पंजचा तुकडा ठेवून त्यावर ओतायचा. भेंडी नसेल तर रताळं घ्या, आमच्या भागात त्याला तोटा नाही. बटाट्यापेक्षा ते कडक, कोरलेला आकार टिकतो.

मोजायला काय द्यायचं? वाटाणे, हरभरे मुळीच नाहीत. चार वर्षांच्या मुलाला दोन नाकपुड्या का दिल्या आहेत याचं त्याच्यापुरतं उत्तर म्हणजे वाटाणा. तो आत गेला की ओलीनं फुगतो आणि मग डॉक्टरशिवाय निघत नाही. गुंजा दिसायला देखण्या, पण विषारी. बाटल्यांची मोठी प्लास्टिकची बुचं घ्या. ती नाकात जात नाहीत. प्रयत्न होतो, पण जात नाहीत.

कात्री शिकवायला सगळ्यात चांगला कागद म्हणजे लग्नपत्रिका, आणि जूनमध्ये ती प्रत्येक घरात ढिगानं पडलेली असते. वर्तमानपत्र मऊ, ते कात्रीत दुमडतं. पत्रिका ताठ राहते. आधी बोटाएवढ्या रुंदीच्या पट्ट्या आपण कापून द्यायच्या, म्हणजे एका कचक्यात तुकडा पडतो. रेघेवर कापणं त्यानंतर पंधरा दिवसांनी. बोथट टोकाच्या सहा कात्र्या पुरतात. ३० आणल्या तर पहिल्याच दिवशी दोन वेण्या आणि एक नाडा गमावाल. आणि वाटण्याआधी पत्रिकेवरचे गणपती न विसरता कापून बाजूला काढा. बाप्पाच्या सोंडेवर कात्री चालली तर मूल काही म्हणत नाही, आजी म्हणते. ते गणपती वर्षभर साठतात. गेल्या वर्षीचा डबा कुणाच्याच कपाटातून बाहेर गेलेला नसतो, टाकणार कुठं?

राहता राहिला बैल. ज्येष्ठ अमावास्येला, कानडीत जिला मण्णेत्तिन अमावास्ये म्हणतात त्या दिवशी, मातीचे बैल पुजायची आमच्याकडे रीत आहे, आणि तो दिवस शाळेच्या पहिल्या महिना-दीड महिन्यातच येतो. नवी टीचर बाजारातून एक बैल आणते आणि मुलांना सांगते, असा करा. इथंच घोडचूक होते. तो बैल चार पायांवर उभा असतो.

माती खानापूरकडची मिळाली तर सोनं. तिथल्या मातीकामाची ख्याती उगाच नाही. मुलामागं लिंबापेक्षा मोठा गोळा, साधारण १०० ग्रॅम, म्हणजे वर्गाला तीन-साडेतीन किलो. आदल्या दिवशी खडे काढून, मळून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आता पाय. मूल पाय करतं अगरबत्तीएवढे. पोट जाड, पाय बारीक, म्हणून पाय आधी वाळतात, आकसतात आणि जोडापाशी तडकतात. दुसऱ्या दिवशी वर्गात तीस धडं आणि शंभरेक पाय सुटे सापडतात, आणि कुठला पाय कुणाचा याचा निवाडा तुमच्याकडे येतो. शिंगांना आतून खराट्याची काडी घालावी असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही, आणि शिंग उभं चिरतं.

तेव्हा बैल बसवायचा. एक लांबट गोळा, पुढं चिमटीनं ओढलेलं तोंड, पाठीवर चिमटीनंच वर काढलेलं वशिंड, पोटाखाली दुमडलेल्या पायांच्या दोन वळकट्या. वेगळं जोडायचं ते फक्त शिंग. त्यासाठी दोन्ही जागी काडीनं ओरखडे काढायचे, पातळ मातीचं बोट लावायचं आणि मग दाबायचं. गुळगुळीत मातीवर गुळगुळीत माती धरत नाही. सावलीत, वर्तमानपत्रावर, रोज कूस बदलून वाळवायचा. पावसात चार-पाच दिवस लागतात. घाई करून चुलीजवळ ठेवलात तर बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो आणि पोटावर भेग जाते.

अमावास्येच्या आदल्या दिवशी हे तीस बैल घरोघरी जातात. फाटकापाशी छत्री सावरत आजोबा ती वस्तू हातात घेतात, उलटीपालटी करतात, चष्मा वर करतात.

"हे काय रे? बेडूक केलास?"

"बैल आहे की ओ, आजोबा. बसलाय तो. पाऊस पडतोय नव्हं!"