पाचशेची नोट आणि पक्याची बोटं

काल रात्री शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पक्या फुल फॉर्मात होता. महिनाभर मोबाईलवर कसलीशी रिअ‍ॅक्शन टेस्ट देतोय, लाल स्क्रीन हिरवी झाली की टॅप करायचं, बास, आणि म्हणे आकडा २६० मिलिसेकंदांवरून २१० वर आलाय, म्हणून आता साहेब ऑफिसच्या टीममध्ये ओपनिंगला जाणार.

मन्याने सरळ विचारलं, "मधे फोन बदललास ना रे?" बदललाय. जुन्याची स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलायची, नव्याची १२०, आणि टच ओळखायला फोनला लागतो तो वेळही आपल्याच नावावर पडतो. पण खरं सांगायचं तर स्क्रीनमुळे सात-आठ मिलिसेकंदच सुटतात, पन्नासचा हिशोब त्यात बसत नाही. माझं म्हणणं एवढंच की पक्याला त्या टेस्टची सवय झालीय, हिरवं साधारण कधी येतं त्याचा ठेका हाताला कळलाय.

"जळता रे तुम्ही," पक्या.

मग मन्याने पाचशेची नोट काढली. उभी धरली, पक्याची बोटं बरोबर मधे, गांधीजींच्या चेहऱ्यापाशी, न टेकवता. पकडलीस तर तुझी. तीनदा सोडली, तिन्ही वेळा नोट खाली आणि पक्याची बोटं हवेत, चहावाला पण हसायला लागला. साधं गणित आहे, नोट १५ सेंटिमीटर लांब, अर्धी म्हणजे साडेसात, एवढं पडायला लागतात ०.१२ सेकंद, आणि डोळ्याने बघून बोटं मिटायला चांगल्या धडधाकट माणसालाही ०.२ च्या आसपास लागतात. डोळ्याच्या पडद्यावर आधी रसायनांचा खेळ चालतो, त्यात वेळ जातो. कान त्या मानाने फास्ट, आवाजाला आपण लवकर हलतो.

"मग बोल्ट काय खातो?" पक्याचा प्रश्न. अरे पण बोल्ट सुटायला काही जगावेगळा नव्हता, २००९ ला बर्लिनमध्ये १०० मीटरला ९.५८ सेकंद मारली तेव्हा गोळीनंतर ०.१४६ ने हलला, पुढची कमाल पायांची. आणि नियम असा की ०.१ च्या आत हललात तर फॉल्स स्टार्ट, कारण एवढ्यात ऐकून हलताच येत नाही असं धरलंय. २०२२ ला अमेरिकेचा हर्डल्सवाला डेव्हन अ‍ॅलन ०.०९९ वर बाद झाला, एका हजारांशाने, च्यायला!

बॅटिंगचंही तेच. ताशी १४० चा बॉल साधारण अर्ध्या सेकंदात अंगावर येतो, नुसता बॉल बघून खेळायला गेलास तर मेलास, चांगला बॅट्समन बॉल सुटायच्या आधी बोलरचं मनगट, खांदा वाचत असतो. नेटमध्ये सुधारतं ते हे वाचणं. झोप नीट घेतली, कडक चहा मारला तर रिअ‍ॅक्शन थोडी सुधारते, पण त्यालाही लिमिट आहे.

हे सगळं मी समजावत असताना पक्या गप्प होता, मला वाटलं पटलं. तेवढ्यात म्हणाला, "परत सोड." या वेळी नोटेकडे बघतच नव्हता, मन्याच्या अंगठ्याकडे बघत होता. नखाखालचा पांढरेपणा जरा गुलाबी झाला आणि खट्, पकडली!

नोट चारच सेंटिमीटर सरकली होती. मन्याने जागेवर हिशोब केला, ०.०९ सेकंद, फॉल्स स्टार्ट, पैसे परत कर.

पक्याने त्याच नोटेतून सगळ्यांची कटिंग सांगितली.