मामा धारातीर्थी पडले

रात्री साडेदहाला पोरगं झोपतं, ओटा आवरून होतो आणि मग दोन तास माझे. घरच्यांची समजूत अशी की या दोन तासांत मी गेम खेळतो. कुठला खेळतोय! मी नावं ठेवत बसतो.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काही गेममध्ये नायक एकटा नसतो, बरोबर चार-सहा जणांची टोळी असते. तिला म्हणायचं पार्टी. हिच्यात खाणंपिणं बेताचंच, मरमर फार. राक्षस मारायला निघण्याआधी या टोळीतल्या एकेकाचं नाव, चेहरा, केस, आवाज असं सगळं आपण ठरवायचं. सक्ती नसते. बरेचदा आयतं नाव लिहिलेलं असतं, बटण दाबलं की सुटलो. पण आयतं नाव घेऊन पुढे जाणाऱ्या माणसाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. असा माणूस लग्नाच्या आहेरातही बंद पाकीट देतो.

'बाल्डर्स गेट 3' घ्या, 2023 चा. यात दोन डोळे दोन रंगांचे करता येतात. डोक्यावर शिंगं येतात. केस किती पिकलेले हवेत यासाठी वेगळी पट्टी आहे, ती सरकवायची. ज्या माणसाला आरशासमोर हीच पट्टी उलटी सरकवावीशी वाटते, तो इथे तासभर बसून 'कानशिलाशी जरा पांढरे, पण भारदस्त' असं काहीतरी जमवत असतो. मग आवाज निवडायचा. मग नाव. इतकं झाल्यावर हुश्श करावं, तर गेम विचारतो, तुमच्या स्वप्नात कोण येतं? म्हणजे आता त्या स्वप्नातल्या व्यक्तीचा चेहरा घडवायचा! पहिल्याच्या जावळापासून बारशापर्यंत सगळं उरकून दमलेल्या माणसाला सांगावं की जुळं आहे, तसली ही गत.

मी एकटाच असा नाही, हा मोठाच दिलासा. हा गेम आल्यावर पहिल्या शनिवार-रविवारचा हिशोब तो बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओने जाहीर केला होता. खेळाडूंनी मिळून नुसतं पात्र घडवण्याच्या पडद्यावर 88 वर्षं घालवली होती. एक अख्खं आयुष्य, तेही चांगलं पिकलेलं, हनुवटी कोणती घ्यावी यात गेलं. त्याआधीची गंमत तर आणखी वरताण. 2020 मध्ये अपुरा गेम लोकांना खेळायला दिला होता. तेव्हा सगळ्यात जास्त निवडल्या गेलेल्या गोष्टी त्यांनी एकत्र करून पाहिल्या, तर निघाला काय? एक साधासुधा, गोरा, बँकेत चिकटलेला वाटावा असा माणूस. बनवणारे वैतागले. शिंगं दिली, शेपट्या दिल्या, राक्षसाचे डोळे दिले, आणि तुम्ही हे केलंत? मला ती माणसं जवळची वाटली. सगळ्या पट्ट्या सरकवून झाल्यावर आपणही शेवटी जिथून निघालो तिथेच येतो, फक्त बारा वाजलेले असतात. पुढे दीडेक महिन्यात गेममध्ये एक जादूचा आरसाही आला, हवं तेव्हा रूप बदला म्हणून. ते पाहून मी कपाळावर हात मारला. जे एकदाच ठरवायचं होतं, ते आता रोज ठरवायचं.

जुन्या गेममध्ये ही डोकेदुखी नव्हती, दुसरी होती. 1987 च्या 'फायनल फँटसी'त चार योद्धे आणि प्रत्येकाच्या नावाला चार अक्षरं, तीही इंग्रजी. आपल्याकडची नावं काही मोजूनमापून ठेवलेली नाहीत. विश्वनाथ आजोबांचं नाव टाकायला गेलो तर चार अक्षरांत 'विष' उरलं. प्रभाकरचा 'प्रभ' झाला, पण त्यासाठी मधला इंग्रजी 'ए' गाळावा लागला. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये तर नावाच्या पहिल्या चार अक्षरांवरून नायकाची ताकद कशी वाढणार ते ठरायचं. हे मी आत्याला सांगितलं, तर ती अजिबात चकित झाली नाही. "पंचांग बघून आद्याक्षर काढायचं असतं ते काय उगाच?" म्हणाली. वर, आमच्या घरात नाव ठेवायचा मान आत्याचा, तू परस्पर कसा ठेवतोस, हेही ऐकवलं.

'फायनल फँटसी 10' ची गोष्ट वेगळी. 2001 चा गेम, या मुख्य मालिकेत पहिल्यांदाच पात्रं तोंडाने बोलू लागली. नायकाचं नाव मात्र खेळणाऱ्याला बदलता येतं. आता लोक हजार नावं देणार, आवाज कोण कोण रेकॉर्ड करणार? मग केलं काय, तर अख्ख्या गेममध्ये त्याला कोणी नावाने हाकच मारत नाही. आजी शेजारी बसून वाती वळत होती. ती नायिका त्या पोराशी बोलते, हसते, रडते, पण नाव म्हणून घेत नाही, हे तिच्या चांगलंच लक्षात आलं. बराच वेळ बघून म्हणाली, "चांगल्या घरची दिसते."

'अर्थबाउंड' नावाच्या गेममध्ये आवडत्या पदार्थाचंही नाव विचारतात. ते लक्षात ठेवून घरी गेलं की आई तोच पदार्थ करून वाढते. थालीपीठ मावलं नाही. पोहे मावले. तेव्हापासून ती जपानी लोकांनी घडवलेली माउली जगाच्या नाशाच्या तोंडावरही मला पोहेच घालते आहे, आणि माझी तक्रार नाही.

आता मुख्य दुखणं. 'एक्सकॉम: एनिमी अननोन', 2012. पृथ्वीवर परग्रहवासी उतरलेत आणि आपल्याकडे जगभरातून भरती झालेले सैनिक आहेत. यांची नावं, चेहरे, केस बदलता येतात. आणि यांच्यातला कोणी मेला की मेला. पुन्हा येत नाही. बराकीत एक भिंत असते, तिच्यावर नाव चढतं. हुद्दा, किती शत्रू मारले, कोणत्या मोहिमेत गेला, सगळं.

अशा गेममध्ये सैनिकांना कोणाची नावं द्यावीत? शहाणा माणूस गेमने दिलेली ठेवतो. माझ्यासमोर नात्यातल्या लग्नाची निमंत्रितांची यादी पडली होती. तीच वापरली.

मजा सुरू झाली. सैनिक पुरुष की बाई, कोणत्या देशाचा, हे या गेममध्ये बदलता येत नाही. त्यामुळे मामांच्या नावाशेजारी अर्जेंटिनाचा झेंडा आला, आणि नलूमावशीला भरतीत बाई येईपर्यंत थांबावं लागलं. पहिल्या बढतीला कोणाला काय काम मिळणार तेही गेमच ठरवतो. पाल दिसली की स्टुलावर चढणारे काका निघाले असॉल्ट, म्हणजे शत्रूच्या अंगावर धावून जाणारे. मावशी झाली स्नायपर. हे मात्र अचूक होतं. समोरच्या इमारतीत कोणाकडे कोण आलं हे ती पडद्याआडून सांगते.

तिसऱ्या-चौथ्या मोहिमेपर्यंत माझ्या लक्षात आलं की मला हा गेम खेळताच येत नाहीये. कोणाला तरी पुढे पाठवावं लागतं. कोणाला तरी उघड्यावर उभं करून शत्रूची गोळी ओढून घ्यावी लागते. 'सैनिक क्रमांक तीन'ला पाठवलं असतं बिनदिक्कत. पण काकांना? ज्यांनी माझ्या मुंजीत सायकल दिली? मी सगळ्यांना एका ट्रकमागे दडवून चालीमागून चाल नुसतं बसवून ठेवू लागलो. तिकडे परग्रहवासी गावातली माणसं मारत होते आणि आमचं खानदान ट्रकमागे ग्रुप फोटोला उभं असल्यासारखं.

मग क्रिसालिड आला. टोकदार पायांवर धावत येणारा प्राणी. हा माणसाला नुसता मारत नाही, अंगात अंडं घालतो. मग तो माणूस मुडदा होऊन उठतो, आपल्याच लोकांवर चालून येतो, आणि वेळेत आटोपला नाही तर त्याच्यातून नवा क्रिसालिड बाहेर पडतो. त्याने मामांना गाठलं. मामा पडले. मामा उठले. शिल्लक चाल होती एकट्या मावशीची, म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीची. बाजूला तिचा जावई उभा होता. एखादा सोबती गेला की या गेममध्ये सैनिक बिथरतात आणि मनाला येईल तिकडे गोळी झाडतात. मावशी बिथरली. गोळी जावयाला लागली. गेमला आमच्या घरातलं काहीही माहीत नाही, हे मी पुन्हा एकदा सांगतो.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा गेले."

बायको आतल्या खोलीतून धावत आली. "कधी? कोणाचा फोन आला? आईंना सांगितलंस?" मी पडद्याकडे बोट दाखवलं. पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही.

बातमी अर्थातच फुटली. एका साखरपुड्यात मामांनी मला जिलबीच्या ताटासमोर गाठलं. मरणाबद्दल त्यांचं फार म्हणणं नव्हतं. "टक्कल का ठेवलंस?" हा पहिला प्रश्न. "निदान तिथे तरी केस द्यायचे." दुसरा प्रश्न, "कोणत्या हुद्द्यावर गेलो?" म्हटलं, कॉर्पोरल. त्यांचा चेहरा उतरला. छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाला कॉर्पोरल म्हणजे काय आणि त्याच्या वर किती जण, हे न सांगता कळतं. "नली कुठे पोचली?" मी मेजर म्हणालो आणि दोन घरांचं बोलणं बंद पाडलं. मावशी खूश होती, पण वेगळ्याच कारणाने. या गेममध्ये अंगकाठी बदलायची सोय नाही, सगळ्या बायका एकाच सडपातळ मापाच्या. तिने तो फोटो मागून घेतला.

माणसं ओळखीची निघाली की मरण विनोदी होतं की जास्त लागतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. अमेरिकेतल्या शाळांमधून 'ओरेगॉन ट्रेल' नावाचा गेम पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला. मूळ 1971 चा. त्याच्या 1985 च्या आवृत्तीत बैलगाडीतल्या पाच जणांची नावं मुलांनी टाकायची आणि वाटेत कोणी साप चावून तर कोणी हगवणीने जायचं. बाकावर शेजारी बसलेल्या मित्राला हगवणीने मारण्यात जे सुख आहे, ते परग्रहवासीयांच्या हातून मामा गमावण्यात नाही, एवढं नक्की.

'एक्सकॉम 2' मध्ये सोय आणखी वाढली. तिथे आपण घडवलेली माणसं एका संग्रहात राहतात आणि गेम त्यांना हवं तिथे वापरतो. सैनिक म्हणून, वाचवायची व्यक्ती म्हणून, किंवा मुभा दिली असेल तर शत्रूला सामील झालेली व्यक्ती म्हणूनही. मी सगळ्या खुणा करून ठेवल्या होत्या. एका रात्री गद्दाराला जिवंत पकडा किंवा ठार करा असा हुकूम आला. नाव वाचलं तर मामी! नवरा गेल्यावर पलीकडे गेली होती. मी तिला उचलून विमानात घातलं. दिवाळीला तिने केलेल्या चकल्या खाताना माझी नजर काही वर झाली नाही.

यावर उपाय म्हणून नातेवाइकांना सुट्टी दिली आणि आमच्या सोसायटीच्या कमिटीची भरती केली. ज्यांच्या मरणाने आपल्याला काही होणार नाही अशी माणसं शोधायला फार लांब जावं लागत नाही. चेअरमनना रॉकेट लाँचर दिला आणि प्रत्येक मोहिमेत पहिलं पाऊल त्यांचं. पाहुण्यांच्या गाडीला पार्किंग नाकारता ना, मग जा पुढे! माणूस मरेना. ट्रक उडाले, भिंती कोसळल्या, खजिनदार गेले, दोन्ही सेक्रेटरी गेले, हे उभेच. गोळ्या यांच्या कानाजवळून जायच्या. बघता बघता कॅप्टन झाले, मेजर झाले, परवा कर्नल झाले. सेक्टोपॉड नावाचं ते अवाढव्य यंत्र त्यांनी एकट्याने पाडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले. "तुमचा मेंटेनन्स राहिलाय," म्हणाले. एरवी मी गळक्या टाकीचा विषय काढला असता. म्हटलं, "लगेच भरतो, सर." त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मग जरा थांबून म्हणाले, पाहुण्यांची गाडी येणार असेल तर आदल्या दिवशी सांगा, बघू काहीतरी.