हराळी इकत लिधी

धुळ्याला देवपुरात घर बांधलं तेव्हा पुढे वीस बाय पंधराची जागा नियमाप्रमाणे सोडावी लागली. बायको म्हणाली, फरशी टाका, उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळवायला बरं. मी म्हणालो, लॉन करू. संध्याकाळी खुर्ची टाकून, पाय गवतात सोडून चहा प्यायचा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. पन्नाशीला आलेल्या माणसाला याहून मोठी परवडत नाही.

लॉन केलं ही बातमी नातेवाइकांत पसरली आणि फोन सुरू झाले. खान्देशात लॉन म्हणजे गवत नव्हे, लॉन म्हणजे लग्न. शिरपूरच्या मावसभावाने तर सरळ विचारलं, "भाऊ, 22 तारीख मोकळी आहे का?"

"अरे, तीनशे स्क्वेअर फूट आहे ते."

"हा. मग स्टेज कुठे टाकणार?"

असो. नर्सरीवाल्याने आधी एक ट्रॉली लाल माती आणि शेणखत टाकायला लावलं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात फाटते, लॉनला चालत नाही म्हणाला. मग सतरंजीसारख्या गुंडाळ्या करून गवत आणलं, चौरस फुटाच्या दराने. जात विचारली तर म्हणाला, "बर्म्युडा, सर." मला बर्म्युडा म्हणजे अर्धी चड्डी एवढंच माहीत होतं. तीच घालून मी पहिलं पाणी दिलं. मनाला फार बरं वाटलं.

आठवड्याने आबा शिंदखेड्याकडच्या गावाहून एसटीने आले. फाटकातच थांबले. पिशवी खाली ठेवली, उकिडवे बसले, गवताची एक लांब तार ओढून काढली, तिच्यावरच्या गाठी बोटाने मोजल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी दहावीला गणितात नापास झालो होतो, तेव्हा असंच बघितलं होतं.

"हाई ते हराळी शे."

"आबा, बर्म्युडा आहे ते."

"हराळी शे. इकत लिधी? पैसा दिधात?"

माझा भाचा इथल्याच कृषी महाविद्यालयात शिकतो. त्याला तातडीने बोलावलं. त्याने गवताकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, "मामा, दोन्ही एकच. सायनोडॉन डॅक्टिलॉन. बर्म्युडा म्हणा, दूर्वा म्हणा, हराळी म्हणा."

आता ज्याने शेती पाहिली नाही त्याला यातलं दुःख कळायचं नाही. आबांनी चाळीस वर्षं हराळीशी वैर केलं. खोल नांगरट करायची, मे महिन्याच्या उन्हात तिच्या मुळ्या उघड्या टाकायच्या, मग वेचून बांधावर नेऊन जाळायच्या. इतकं करूनही एक गाठ मातीत राहिली की पहिल्या पावसाला ही बाई हजर. सुट्टीत आम्हा पोरांना टोपलीमागे चार आणे मिळायचे हराळी वेचायचे. म्हणजे आयुष्यातली माझी पहिली कमाई हराळी उपटून झाली, आणि घर बांधून उरलेली शेवटची शिल्लक हराळी लावण्यात गेली. आबा त्या रात्री जेवले नाहीत. निदान पोटभर जेवले नाहीत.

गवत दोन महिन्यांत घोट्याच्या वर गेलं आणि मी मशीन आणलं. विजेवर चालणारं, चार चाकांचं, मागे गवत गोळा करायची पेटी. सोबत आलेलं पुस्तक मी भक्तिभावाने वाचलं. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, ओलं गवत कापू नये, ब्लेडला धार ठेवावी. धार गेली की ब्लेड गवत कापत नाही, फाडतं, आणि शेंडे पिवळे पडतात.

हे यंत्र निघालं कुठून याचाही मी शोध घेतला, कारण हप्ते फेडताना माणसाला इतिहासाचा आधार लागतो. इंग्लंडात स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाच्या कारागिराने 1830 साली याचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव छाटणारं मशीन गिरणीत त्याने पाहिलं आणि तेच गवतावर चालवायचं ठरवलं. कापूस आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या पिकतो, पण कापडाकडे बघून गवत कुणाला आठवलं नाही. आठवणार कसं? आमच्याकडे गवत वाढलं की बैल सोडतात.

आबांनी मशीनभोवती एक प्रदक्षिणा घातली. "कापस?"

"कापतं ना."

"आन् खास?"

"खात नाही आबा, पेटीत जमा करतं."

"कापस पन खास नही. मंग काय कामनं?"

याला उत्तर पुस्तकात नव्हतं.

पहिल्या दिवशी बटण दाबलं, मशीन घरघरलं आणि दीड फूट जाऊन थांबलं. लोडशेडिंग. दुसऱ्या दिवशी वीज होती, पण वायर पोर्चपर्यंतच पुरली. एक्सटेन्शन बोर्ड आणला. तिसऱ्या दिवशी मी ऐटीत वळण घेतलं आणि मशीनने आपलीच वायर कापली. फाट् असा आवाज झाला, घराचा एमसीबी पडला, आत बायकोची डाळ मिक्सरमध्ये अर्धवट राहिली. गवतापेक्षा वायर फार सफाईने कापली गेली, हे मी नोंदवून ठेवतो. ब्लेडला धार होती. वायर जोडायला आलेला इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, वायर नेहमी खांद्यावर टाकून चालायचं." त्यानंतर मी बर्म्युडा चड्डी, डोक्याला रुमाल आणि खांद्यावर केशरी वायर अशा वेशात दर रविवारी फिरू लागलो. शेजारच्या पोरांनी मला सर्पमित्र असं नाव ठेवलं.

शेवटच्या कोपऱ्यात मशीन वळत नसे. तिथे आबा न बोलता विळा घेऊन बसत. मी तीन पट्टे मारून घाम पुसेपर्यंत त्यांचा कोपरा दाढी केल्यासारखा झालेला असे. मशीनची किंमत मी त्यांना आजतागायत सांगितलेली नाही.

मग एप्रिल आला. धुळ्याचा उन्हाळा मी काय वर्णावा? पारा चाळिशी ओलांडतो आणि परत यायला विसरतो. नळाला पाणी येतं तेव्हा सणासारखं वाटतं, कारण तितक्याच दिवसांनी येतं. त्या पाण्यातून आधी प्यायचं, मग भांडी, मग धुणं, मग कूलर, आणि उरलं तर माझं लॉन. कूलर बंद ठेवून लॉनला पाणी द्यावं अशी सूचना मी एकदा मांडली होती. पुन्हा मांडली नाही. अखाजीला बहिणी आल्या, त्यांनी बघितलं आणि मोठीने विचारलं, "दादा, ही काथ्याची चटई केवढ्याला घेतली?"

आबा मात्र अस्वस्थ. चाळीस वर्षं जिला मे महिन्याच्या उन्हात मारायला धडपडले, ती माझ्या अंगणात बिनबोभाट मरत होती. एका संध्याकाळी बघितलं तर ते तांब्याने तिला पाणी घालत होते. मी खाकरलो. "हात धोई राह्यनू," म्हणाले.

पावसाळ्यात लॉन अर्धंमुर्धं उठलं, पण त्यात आता लव्हाळा होता, गाजरगवत होतं, कुठून तरी आलेलं तुरीचं एक रोपही होतं. लाल माती वाहून गटारात गेली आणि खालची काळी वर आली. मशीनची चाकं त्यात रुतली. प्रत्येक चाकाला दोन-दोन किलो गारा, ढकलावं तर जागचं हलेना. शेवटी मी आणि भाच्याने ते उचलून बाहेर काढलं. चिखलात बसलेली गाडी काढतात तसं, पुढून एक, मागून एक, आणि आबा ओट्यावरून दिशा सांगत.

गणपतीत कॉलनीतल्या बायका दूर्वा मागायला आल्या. मला जरा अभिमान वाटला. पण आदल्याच रविवारी मी कसंबसं अर्धं लॉन खरवडून काढलं होतं, आणि गणपतीला तीन पात्यांचा कोवळा शेंडा लागतो. माझ्याकडे सगळी बुडखी. "एवढी हराळी दारात आणि देवाला नाही," असं म्हणत बायका पुढच्या घरी गेल्या. तिथे कुणी लॉन लावलेलं नव्हतं, त्यामुळे कंपाउंडलगत भरपूर होती.

दिवाळीआधी बायकोने फरशी नाही तर नाही, पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. मशीन गच्चीच्या जिन्याखाली गेलं. खाली रेती, वर ब्लॉक, रोलर फिरवून घट्ट. मी खुर्ची टाकून, पाय ब्लॉकवर ठेवून चहा प्यायला लागलो.

दोन महिने गेले असतील. एका सकाळी ब्लॉकच्या सांध्यातून हिरवी तार बाहेर आलेली दिसली. मग दुसरी. आठवड्यात सगळ्या सांध्यांतून, एका रेषेत, मशीनला कधी जमली नाही इतकी एकसारखी. पाणी नाही, खत नाही, वर रोज मोटरसायकल उभी.

सध्या रविवारी मी खुरपं घेऊन उकिडवा बसतो आणि सांध्यांतून ती काढतो. आबा माझ्या खुर्चीवर बसून चहा पितात.

"मुयासकट काढ," म्हणतात. "नहीते परत उगी."